गुडघे टेकून 15 पुश-अप्स होतात, पाय सरळ केले की एकही नाही. काय चुकतंय?

तुमचं नाही, गुडघ्यांचं चुकतंय.

तुम्ही लिहिलंय, वय 31, वजन 58 किलो, मूल दोन वर्षांचं, खानापुरात घरीच व्यायाम करता आणि तीन महिने गुडघ्यावरच अडकलाय. मी अशीच पाच महिने अडकले होते, तेही 39 व्या वर्षी. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब बघा. जमिनीवरच्या सरळ पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण 64 टक्के भार येतो. गुडघे टेकले की तो 49 टक्क्यांवर येतो. म्हणजे तुमच्या 58 किलोंत गुडघ्यावर 28 किलो आणि पाय सरळ केल्यावर 37 किलो. मधले नऊ किलो तुम्ही एका दमात उचलायला बघताय. दुकानात दहा किलोंच्या पिशवीनंतर एकदम वीस किलोंची उचलायला सांगितली तर आपण नाही म्हणतो, पण इथे स्वतःलाच दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट भाराहून मोठी आहे. गुडघे टेकले की कंबरेखालच्या अंगाचं काम बरंच कमी होतं. पाय सरळ असले की पोट, नितंब, मांड्या सगळं आवळून टाचेपासून डोक्यापर्यंत फळी धरावी लागते. ही फळी तीन महिन्यांत तुम्ही एकदाही धरलेली नाही. म्हणून पाय सरळ केले की आधी कंबर लोंबते, हात नंतर हरतात. मोबाईल बाजूला उभा करून स्वतःचा व्हिडिओ काढा, लगेच दिसेल.

उपाय एवढाच, की पाय पहिल्या दिवसापासून सरळ ठेवायचे आणि हात उंचावर ठेवायचे. हात दोन फूट उंच असतील तर भार 41 टक्के, म्हणजे तुमचे 24 किलो. एक फूट उंच असतील तर 55 टक्के, 32 किलो. जिना यासाठीच बांधलाय असं मला आता वाटतं. एक पायरी साधारण सात इंचांची. चौथ्या पायरीवर हात ठेवून सुरुवात करा. तीही जड गेली तर स्वयंपाकाचा ओटा आहेच. एका पायरीवर सलग दहा-दहाचे तीन सेट स्वच्छ निघाले की एक पायरी खाली. स्वच्छ म्हणजे छाती पायरीच्या कडेला जवळजवळ टेकली पाहिजे.

या टेकण्यावरून आमचे आप्पा आठवतात. आम्ही बेळगावातल्या वडगावचे. आप्पा दिवसभर विणकामाच्या मागावर असायचे, पहाटे तालमीत. तेव्हा आम्हा मुलींना तालमीच्या उंबऱ्याआत पाय ठेवायची सोय नव्हती. दुधाचा तांब्या घेऊन मी बाहेर उभी राहायची आणि आतून धपधप ऐकायची. (पलीकडच्या कन्नड गल्लीत तिलाच गरडी मनी म्हणत. जोर दोन्हीकडे सारखेच निघायचे.) पुढे माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर पावसाळ्यात गंजून जड झालं आणि रोज शेजारच्या पोराला हाक मारायची लाज वाटायला लागली, तेव्हा मी हे सुरू केलं. आप्पा खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "छाती कुठाय? नुसतं नाक खाली जातंय की." माझे पंधरा मी पंधरा मोजत होते, त्यांनी त्यातले दोन धरले.

आप्पांचं ऐकून मी थेट जोर काढायला गेले ही मात्र चूक. जोर आणि पुश-अप एक नव्हे. जोर काढताना ढुंगण वर ठेवून मागून सुरुवात होते, मग छाती जमिनीलगत घासत पुढे नेऊन मान वर काढायची. त्यात खांद्यांवर आणि पाठीवर वेगळाच ताण येतो, कंबर वाकते. पहिलवान लहानपणापासून करतात म्हणून त्यांना ते सोपं दिसतं. तुमचे दहा पुश-अप्स झाल्यावर जोर जरूर शिका, आत्ता नको.

हात खांद्यांपेक्षा किंचितच बाहेर ठेवा. कोपरं पार बाजूला फाकवू नका, अंगापासून तिरकी मागे जाऊ द्या, नाहीतर खांदा पुढून बोचायला लागतो. खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. मनगट दुखत असेल तर थोड्या उंच पायरीवर हात ठेवा, मनगट कमी वळतं.

आठवड्यातून तीन दिवस पुरे, मधे एक दिवस मोकळा. मी सुरुवातीला रोज करायची, शिवाय दर वेळी पार हात थरथरून कोसळेपर्यंत. त्यातून काही वाढलं नाही, फक्त चहाचा कप धरताना हात हलायचा. आणखी एक-दोन निघतील असं वाटत असतानाच सेट थांबवायचा. सेटच्या मधे दोन मिनिटं बसा, मुलाशी बोला.

दुसऱ्या पायरीपर्यंत आलात की उतरणीचे पुश-अप्स जोडा. जमिनीवर पाय सरळ, हात ताठ, आणि मनात पाच मोजत हळूहळू खाली. तळाला पोचलं की गुडघे टेकून वर या, पुन्हा पाच मोजत खाली. असे तीन-चार पुरेत. आपला स्नायू उचलताना जेवढं पेलतो त्याहून जास्त भार उतरवताना पेलतो, म्हणून वर येता येत नसतानाही खाली जाण्याचा सराव करता येतो. माझा पहिला पुश-अप यातूनच निघाला. पण हे जिन्याच्या आधी नाही, आणि दुसऱ्या दिवशी दंड ठणकतील याची तयारी ठेवा.

दिवस किती लागतील? पहिले काही आठवडे स्नायू फारसे वाढत नाहीत, मेंदू आहे तेच स्नायू नीट वापरायला शिकतो. तेव्हा आरशात काही दिसलं नाही तरी पायरी खाली सरकत असेल तर बरोबर चाललंय. बायकांच्या खांद्या-दंडांत पुरुषांच्या मानाने स्नायू कमी असतात, पायांत तेवढा फरक नसतो. म्हणून बेळगावच्या कॅम्पातल्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांशी तुलना करू नका. जिन्यावर आल्यापासून मला साडेतीन महिने लागले. तुम्ही तर तेव्हाच्या माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहात.

मूल दोन वर्षांचं आहे म्हणून एक विचारते. पुश-अप करताना पोट मधोमध उभ्या रेषेत कण्यासारखं फुगून वर येतं का? येत असेल तर बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकलेले असू शकतात. थोडं उंच ठिकाणी हात ठेवल्यावर ते फुगणं थांबतं का बघा, नाही थांबलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. सिझेरियन झालं असेल तर विशेष.

खाण्याचं थोडक्यात. मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन अंडी किंवा वाटीभर घट्ट डाळ रोजच्या जेवणात जास्तीची घ्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पावडरच्या डब्याची गरज नाही. आमची बेळगावची मिठाई, कुंदा, तोही दुधाचाच असतो हे मी स्वतःला बरंच समजावून पाहिलंय, उपयोग नाही.

खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. जिना बाहेरचा असेल तर जूननंतर पायरीवर कोरडं गोणपाट टाकल्याशिवाय हात ठेवू नका. आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर तर कधीच नको. माझी सरकली होती, हनुवटीवर तीन टाके आहेत. जिनाच नसेल तर आधी ओटा, मग भिंतीला टेकवलेल्या पलंगाची कड, मग बाहेरचा कट्टा, आणि शेवटी जमिनीवर दोन पाट शेजारी ठेवून एकेका पाटावर एकेक हात.