धाकट्याने बॅट कशी धरावी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दोघे थोरले भाऊ बेसबॉलमध्ये नावारूपाला आले आणि त्यांच्यासारखा लांब फटका आपल्याला मारता येत नाही, म्हणून तू खेळ सोडण्याचा विचार करतोस, हे वाचून मनाला लागले. निर्णय घेण्यापूर्वी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या आलू बंधूंची हकिकत तू नीट समजून घ्यावीस, असे मला वाटते.

हाइना गावच्या एका सुताराचे फेलिपे, मॅटी आणि हेसूस हे तिघे मुलगे अमेरिकेतल्या मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलपर्यंत, पोहोचले आणि १५ सप्टेंबर १९६३ रोजी पिट्सबर्गच्या मैदानावर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाच्या आउटफील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातल्या तीन जागांवर, एकाच वेळी उभे राहिले. या दिवसाचे कौतुक सगळेच करतात. त्याच्या पाचच दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये हे तिघे एकाच डावात लागोपाठ बॅटिंगला आले होते आणि तिघेही बाद झाले होते, हेही तू ध्यानात ठेव.

तुझ्या उपयोगाची गोष्ट मात्र मधल्या मॅटीची आहे. फेलिपे धिप्पाड, चेंडू मैदानाबाहेर धाडणारे होम रन मारणारा; मॅटी चणीने लहान आणि डावखुरा. १९६५ मध्ये त्याची सरासरी .२३१ इतकी, म्हणजे हजार संधींमागे २३१ यशस्वी फटके इतकी, खाली आली आणि जायंट्सने त्याला पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडे पाठवले. तिथले व्यवस्थापक हॅरी वॉकर यांनी त्याच्या हाती जड बॅट दिली, ती मुठीपासून वर सरकवून धरायला लावली आणि चेंडू जोराने उजवीकडे ओढण्याऐवजी खाली दाबून डावीकडे मारायला शिकवले. वॉकर स्वतः धाकटे भाऊ होते. थोरले बंधू डिक्सी यांनी १९४४ मध्ये मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचे बॅटिंगचे विजेतेपद, म्हणजे सर्वांत जास्त सरासरीचा मान, मिळवले होते, आणि हॅरी यांनीही ते १९४७ मध्ये मिळवले. धाकटेपण म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नसावी, असा माझा तर्क आहे.

१९६६ मध्ये मॅटी .३४२ सरासरीने लीगमध्ये पहिला आला. त्या वर्षी त्याचे होम रन फक्त दोन होते. दुसरा आला .३२७ सरासरीचा फेलिपे, ज्याचे होम रन ३१ होते. हेसूस या दोघांच्या तुलनेने मागे राहिला, तरीही तो १९७९ पर्यंत खेळत होता आणि ओकलंड संघाबरोबर त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या अजिंक्यपदाची मालिका, दोनदा जिंकली.

तेव्हा भावांच्या बॅटने खेळणे तूर्त थांबव. तुझ्या प्रशिक्षकांना सांगून महिनाभर वेगळ्या वजनाच्या बॅटने सराव कर, हात थोडा वर धर, आणि चेंडू कुठे पडतो याची नोंद रोज वहीत लिही. थोरल्या भावाला चेंडू टाकायला बोलाव. त्याला ते आवडेल, याची मला खात्री आहे. महिन्याने ती वही मला पाठव, मग खेळ सोडायचा की नाही, यावर आपण बोलू.

कळावे,
तुझा हितचिंतक