घड्याळ भावाला, कापड आम्हाला

मस्कतहून एका बहिणीचं पत्र आलंय: "आपा, तळोज्याला फ्लॅट घेतला, 14 वर्षांच्या मुलाच्या नावावर केला. आता 11 वर्षांची मुलगी विचारते, माझं काय? मुलगा मराठी बोलत नाही, फजरला (पहाटेच्या नमाजाला) उठत नाही, दोघंही मोबाईल सोडत नाहीत."

मोबाईलचं म्हणशील तर जेवताना तुम्हा नवराबायकोचेही फोन बाजूला हवेत. फजरला बापानं सोबत उठवावं. मराठीसाठी रोज दादीला फोन. ही काळजी इतकी मोठी नाही.

मला बोलायचंय ते तुझ्या मुलीच्या प्रश्नावर. पुढे लिहितेस, "तसंही वारशात मुलाचा वाटा दुप्पट असतोच ना." अगं, वारसा डोळे मिटल्यावरचा. हयातीत दिलं ती हिबा, तिचा हिशोब वेगळा. पैगंबर साहेबांच्या काळातले सहाबी (सोबती) नोमान बिन बशीर यांना वडिलांनी एक भेट दिली, तेव्हा आई अमरा अडून बसल्या, पैगंबर साहेबांना साक्षीदार करा. पैगंबर साहेबांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस? नाही म्हणताच फर्मावलं, अल्लाहला भ्या आणि आपल्या मुलांमध्ये न्याय करा. वडिलांनी भेट परत घेतली. बुखारी, मुस्लिम या हदीसच्या (पैगंबर साहेबांच्या वचनांच्या) दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि आपल्या या मजहबातही (धर्मकायद्याच्या परंपरेतही) हयातीतल्या देण्यात मुलगा-मुलगी सारखीच धरायला सांगितलंय.

माझे अब्बा कुवेतहून आले की मुंब्र्यातल्या कौशाच्या घरी बॅगेभोवती आम्ही सगळे गोल बसायचो. उघडताच साबणाचा वास. वर भावासाठी सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, खाली आम्हा तिघी बहिणींना एकाच ताग्यातलं कापड. अब्बा फार मायाळू होते, दुजाभाव त्यांच्या मनातही नसेल. पण आज 58 वर्षांची झाले तरी तो पट्टा मिटतानाची टक् माझ्या कानात आहे.

परक्या मुलखात पै-पै जोडताना जीव कसा मेटाकुटीला येतो, ते मी दोहात 16 वर्षं अनुभवलंय. म्हणून हक्कानं रागावते. "मुलगी काय, परक्याचं धन" हे पत्रात लिहिलंस ते लिहिलंस, तिच्यासमोर बोलू नकोस.

फ्लॅट फिरवता येत नसेल तर तेवढ्याच किमतीचं तिच्या नावावर व्हायला हवं, सोनं असो नाहीतर ठेव. एकदम नाही जमणार. या महिन्यापासून सुरू कर, आणि तिला समोर बसवून आकडा सांग. "माझं काय" विचारल्यावर तिला गप्प केलं असशील, तर त्याआधी जवळ घे.