ई-कॅडहेरिन निगेटिव्ह म्हणजे अजून एक वाईट बातमी का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या. छातीत गाठ अशी हाताला लागलीच नाही, नुसता एक भाग घट्ट लागायचा, मागच्या वर्षी मॅमोग्राफी पण क्लिअर होती. आता बायोप्सीत इन्व्हेजिव लोब्युलर कार्सिनोमा, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार, आलाय, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, आणि खाली ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’. गूगल केलं तर म्हणे हे प्रोटीन पेशींना धरून ठेवतं आणि ते गेलं की कॅन्सर पसरतो. सगळे हबकलेत. त्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं, गोळ्या सुरू करा. करू का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आधी ती शेवटची ओळ. ती बहुतेक वेळा कॅन्सर किती वाईट हे सांगायला नसतेच, कुठल्या जातीचा हे पक्कं करायला असते. आम्ही पॅथॉलॉजीवाले स्लाइडवर ई-कॅडहेरिनचा स्टेन लावतो, तेव्हा नॉर्मल नलिकांमधल्या पेशींच्या कडा तपकिरी होतात, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, आणि त्याच स्लाइडवर शेजारी लोब्युलरच्या पेशी कोऱ्याच्या कोऱ्या, एकामागे एक मुंग्यांसारख्या रांगेत. एकमेकींचा हातच धरत नाहीत ना, मग गोळा होणार कसा? म्हणून गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राफीतही निसटते. तुमच्याकडून हयगय झाली असं मनात आणू नका, हा प्रकारच लबाड आहे. किती भागात आहे हे बघायला डॉक्टर एमआरआय सांगतील कदाचित.

हे प्रोटीन नुसता डिंक नाही. पेशीच्या आतलं त्याचं टोक कॅटेनिन नावाच्या प्रोटीन्सना बांधलेलं असतं, त्यामुळे ‘शेजारी आहे, गर्दी झाली, आता वाढू नको’ असा निरोपही आत जातो. ते गेलं की हात सुटतो आणि निरोपही बंद. पण म्हणून ‘गेलं की पसरला’ असं सरळ गणित नाही, कारण डक्टल, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या दुसऱ्या नेहमीच्या प्रकारामध्ये ई-कॅडहेरिन बहुतेकदा शाबूत असतं आणि तोही काखेतल्या गाठींपर्यंत जातोच की! ट्रीटमेंट ठरते स्टेज, ईआर (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रोटीन) आणि हर-टू (पेशीला वाढायला सांगणारं प्रोटीन) यावर, आणि ईआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांचा रस्ता उघडा आहे.

कॅल्शियमचं म्हणाल तर फॉरवर्डवाल्याचं अर्धं बरोबर आहे. क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांना दिसलं की कॅल्शियम काढून घेतलं की पेशी सुट्या होतात, कॅडहेरिन हे नावही त्यावरूनच पडलं. पण इथे कॅल्शियम कमी नाहीये, प्रोटीनच बनत नाहीये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढे हार्मोनच्या काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून डॉक्टरच कॅल्शियम देतील तेव्हा जरूर घ्या, ते हाडांसाठी.

एक मात्र विचारून ठेवा, घरात कुणाला कमी वयात पोटाचा किंवा असाच लोब्युलर कॅन्सर झाला होता का. ई-कॅडहेरिनचा जीन म्हणजे सीडीएच-वन, त्यातला बिघाड पिढ्यानपिढ्या उतरतो हे १९९८ साली न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांमध्ये सापडलं, तिथे पोटाचा कॅन्सर तरुणपणीच होत होता. बहुतेक लोब्युलर पेशंटमध्ये बिघाड फक्त ट्यूमरच्या पेशींतच असतो, पण असा इतिहास निघाला तर जेनेटिक काउन्सेलिंग घ्याच.

प्रश्न : सर म्हणाले कॅन्सर पेशी एकमेकींशी बोलत नाहीत, दुसरीकडे वाचलं की बोलतात. खरं काय?
(बीएस्सीचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : दोन्ही. सरांचं म्हणणं १९६६ पासूनचं आहे, लोवेनस्टाइन आणि कान्नो यांनी उंदरांच्या लिव्हरमध्ये बघितलं की नॉर्मल पेशीतून शेजारणीत करंट सहज जातो आणि ट्यूमरमध्ये जात नाही. हा रस्ता म्हणजे गॅप जंक्शन, कनेक्सिन नावाच्या प्रोटीनचे सहा तुकडे इकडचे, सहा तिकडचे, मधे बारीक बोगदा. पण २०१६ साली दिसलं की मेंदूत पोचलेल्या कॅन्सर पेशी तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट्सशी (मेंदूतल्या मदतनीस पेशींशी) कनेक्सिन-४३ चेच बोगदे जोडतात आणि त्यातून केमोला टिकून राहायची मदत मिळवतात. परीक्षेत सरांचं लिही, आणि मार्क वाढवायचे असतील तर खाली मेंदूचं.