मेनू गेला म्हणजे डेटा गेला नाही

संगणकात विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची तीच ती विचारणा वारंवार येते, म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : विंडोज अपडेट झाल्यापासून संगणक थेट विंडोजमध्येच जातो. लिनक्स पुसले गेले का?

उत्तर : बहुधा नाही, फक्त बूटचा (संगणक सुरू होताना कोणती सिस्टिम आधी घ्यायची याचा) क्रम बदलला असेल. यूईएफआय (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये लिनक्सची नोंद वर आणा. नोंदच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) ग्रब (मेनू दाखवून सिस्टिम सुरू करणारा लिनक्सचा बूटलोडर) पुन्हा बसवावा लागेल. मात्र त्या वेळी ईएफआय पार्टिशन (डिस्कवरचा बूटच्या फाइलींचा भाग) फॉरमॅट करू नका. विंडोजचा बूटलोडरही तिथेच असतो. पार्टिशन ओळखता येत नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

प्रश्न : लिनक्स अपग्रेड केल्यावर मेनूतून विंडोज गायब झाले.

उत्तर : ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारे साधन) मुळातच बंद असते. ते चालू करून मेनू नव्याने तयार करा.

प्रश्न : सिस्टिम बदलली की घड्याळ चुकते. बूटलोडर बिघडला का?

उत्तर : नाही. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ).

प्रश्न : एका व्हिडिओत पाहून सिक्युअर बूट (फक्त मान्य बूटलोडर चालू देणारी सुरक्षा) बंद केले. आता निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागतो.

उत्तर : नुसता व्हिडिओ पाहून बूटची सेटिंग बदलू नका, हेच मी कळकळीने सांगत आलो आहे. बिटलॉकरचे (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनचे) कुलूप टीपीएम या सुरक्षा चिपमार्फत उघडते आणि ती चिप बूटची स्थिती तपासते. तुम्ही स्थिती बदललीत, म्हणून तिने कुलूप उघडले नाही. आधी सिक्युअर बूट पूर्ववत चालू करा. बऱ्याचदा तेवढ्याने भागते. नाही भागले तर मायक्रोसॉफ्ट खात्यात की शोधा. संगणक कार्यालयाचा असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. ‘मी कधी बिटलॉकर लावलेच नाही’ असे अनेकजण सांगतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होते! की नसेल तर डेटा परत मिळत नाही. पैसे घेऊन ‘अनलॉक’ करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टीपीएम ‘क्लिअर’ करू नका. आणि बाकीच्यांनी आजच, संगणक नीट चालू असतानाच, की कागदावर उतरवून ठेवा, बॅकअप घ्या. बूटच्या सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करा. व्हिडिओवाल्याने यातले काहीच सांगितले नसणार.

प्रश्न : लिनक्सचे पार्टिशन उडवले, आता ‘ग्रब रेस्क्यू’ येते. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅटच करावे लागेल.

उत्तर : त्यासाठी फॉरमॅटची गरज नाही, विकतच्या ‘बूट रिपेअर’ सॉफ्टवेअरचीही नाही. ग्रबच्या उरलेल्या फाइली त्या पार्टिशनमध्ये होत्या, इतकेच. यूईएफआय असेल तर सेटिंगमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला करा. जुन्या बायोसच्या (यूईएफआयच्या आधीच्या पद्धतीच्या) संगणकावर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूटचा भाग) दुरुस्त करा. इंटरनेटवर सर्रास सांगितली जाणारी ‘फिक्सएमबीआर’ कमांड याच जुन्या पद्धतीसाठी आहे; यूईएफआयवर तिचा उपयोग नाही. सेटिंगमध्ये डिस्कच दिसत नसेल तर मात्र काही करून पाहू नका. संगणक बंद ठेवा आणि डेटा रिकव्हरीच्या तज्ज्ञाकडे लगेच न्या.