सहा फुटी टाकी: आधी पाइप, मग खडक

तुम्ही लिहिलंय की नाशिकला तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सहा बाय दोन बाय दोन फुटांची माशांची टाकी करायची आहे, मागे नदीपात्रातल्या काळ्या खडकासारखं बॅकग्राउंड हवंय, आणि त्यात मलावी सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी तलावातले मासे, सोडायचे आहेत. थर्माकोल-सिमेंटचं बॅकग्राउंड टिकतं का, टाकी बनवणारा म्हणतो तसा, पाणी खालच्या फिल्टरच्या टाकीत (संपात) उतरवणारा एकच पाइप पुरेल का, आणि वजनाचं काय, हे तुमचे तीन प्रश्न. काच अजून कापलेली नाही, हे वाचून बरं वाटलं. कारण बॅकग्राउंड आणि पाइप या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पाइप कुठून जाणार ते ठरल्याशिवाय खडक कोरायला घेऊ नका. मी गेली सोळा वर्षं घरासाठी आणि ओळखीच्यांसाठी मोठ्या टाक्या करतेय. त्यातली जी काही मोडून पुन्हा बांधावी लागली, ती प्रत्येक वेळी हा क्रम उलटा झाल्यामुळेच.

वजनापासून सुरुवात करते. 6 × 2 × 2 म्हणजे 24 घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे काठोकाठ 680 लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तरी 580-600 लिटर पाणी राहतं. 12 मिलिमीटर काच चौरस मीटरला 30 किलो भरते, तिचे सव्वाशे किलो धरा. लोखंडी स्टँड, वाळू, दगड आणि संपातलं पाणी मिळवलं की आकडा टनाच्या आसपास जातो. आपल्याकडे घरांच्या स्लॅबचं डिझाइन करताना चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचा भार धरतात. टाकीचे सगळे पाय मिळून जेमतेम 1.1 चौरस मीटरवर उभे असतात. म्हणून टाकी खोलीच्या मध्याकडे नको. कॉलमजवळ, भिंतीला लागून, आणि जमलं तर लांबी खालच्या बीमवर येईल अशी ठेवा. पायांखाली जाड प्लेट घाला म्हणजे भार एका टाइलवर येणार नाही. एवढं करूनही इमारतीचे नकाशे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी या सगळ्या खर्चात कुठेच दिसणार नाही.

आता पाइप. एकच पाइप पुरेल असं सांगणाऱ्या माणसाने बहुतेक लहान टाक्या केल्या असाव्यात. पाइप एकच असला आणि त्यात पान, गोगलगाय किंवा मेलेला मासा अडकला, तर खालचा पंप पाणी वर ढकलतच राहतो आणि टाकी काठावरून हॉलमध्ये वाहू लागते. मी स्वतः दोन पाइपांची पद्धत वापरते. कोपऱ्यात काचेची उभी पेटी (ओव्हरफ्लोची), तिच्या वरच्या काठाला खाचा, आणि पेटीच्या तळाला दोन भोकं. पहिला पाइप पाण्याखाली उघडतो आणि त्यावर खाली गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाकी फिरवून थोडा थोडा बंद होणारा व्हॉल्व्ह, असतो. तो हळूहळू बंद करत गेलात की पाइप पूर्ण भरून वाहू लागतो, हवा ओढणं थांबतं आणि खळखळ नाहीशी होते. रात्री हॉलमध्ये झोपणारं कोणी असेल तर या शांततेचं मोल कळेल. दुसरा पाइप पेटीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित वर उघडतो. तो आणीबाणीचा. त्याच्यावर कसलाही व्हॉल्व्ह बसवायचा नाही. बॉल व्हॉल्व्हने पहिल्या पाइपाचं बारीक समायोजन जमत नाही, म्हणून तिथे गेट व्हॉल्व्हच घ्या. पाइप आणि जोड सगळे यूपीव्हीसीचे (कडक प्लास्टिकचे). पितळी जोड पाण्यात नकोत, त्यातलं तांबं कोळंबी आणि गोगलगायींना मारतं.

भोकं पाडायची तर ते काचवाल्याला आधीच सांगा, आणि तळाची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नसावी. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की तिचे तुकडेच होतात. टँक कनेक्टर, म्हणजे भोकात बसून पाइप जोडणारा तुकडा, आधी विकत आणा, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि मगच भोकाचं माप द्या. "एक इंची" म्हणून सांगाल तर तो एक इंचाचं भोक पाडेल आणि कनेक्टर आतच जाणार नाही. भोकाची कड काचेच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाइतकी लांब हवी. रबराची चकती कनेक्टरच्या रुंद टोपीखाली, म्हणजे टाकीच्या आतल्या बाजूला बसते. खालची चाकी हाताने घट्ट करून वर पाव वळसा द्यायचा, बस. पान्याने आवळून काच तडकवलेली मी पाहिली आहे.

वर येणारं पाणी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. तुमची टाकी एक इंच उतरली की एक घनफूट, म्हणजे 28 लिटर पाणी खाली येतं. परतीच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर आणणाऱ्या, पाइपाचं तोंड सहा इंच खोल ठेवलंत आणि वीज गेली, तर तोच पाइप उलटा सायफन होऊन 170 लिटर पाणी संपात ओततो. माझ्याकडे 2012 च्या जूनमध्ये नेमकं हेच झालं. पहिल्या वळवाला वीज गेली, आम्ही बाहेरगावी होतो, आणि खालच्या काकूंच्या छताला ओल आली. मी पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर होते. त्याच्या झडपेत शेवाळ अडकलं होतं आणि ती पूर्ण मिटलीच नाही. तेव्हापासून परतीचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागापासून इंचभरच खाली ठेवते आणि पाइपाला पाण्याच्या अगदी वरच्या थरात एक बारीक भोक पाडते. पातळी तिथे आली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक दर पंधरवड्याला टूथब्रशने साफ करायचं. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा तर लावा, पण हिशोबात धरू नका.

संप 4 × 1.5 × 1.5 फुटांचा घेतला तर पूर्ण भरून 255 लिटर होतो. तो चालताना 55-60 टक्क्यांपर्यंतच भरा, म्हणजे वीज गेल्यावर उतरणारं पाणी पोटात घ्यायला शंभर लिटर जागा राहते. स्टँडला समोर मधला पाय नसेल असं फॅब्रिकेटरला बजावा, नाहीतर एकदा टाकी वर चढली की संप कायमचा आत अडकतो. उन्हाळ्यातलं बाष्पीभवन फक्त पंपाच्या कप्प्यात दिसतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रोज तिथे नजर टाका. पंप कोरडा चालला की जळतो.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा म्हणजे शून्य उंचीवरचा प्रवाह असतो. तुम्हाला तासाला टाकीच्या चार-पाच पट, म्हणजे 2400 ते 3000 लिटर पाणी वर पोचायला हवं. खोक्यावर 5000 लिटर आणि कमाल उंची 3 मीटर लिहिलेला पंप दीड मीटरवर साधारण निम्मंच देतो, आणि एल्बो वाढले की त्याहून कमी. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारा जोड) लावा, म्हणजे तो साफ करायला पाइप कापावा लागणार नाही. विजेच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटात शिरणार नाही.

आता ज्यासाठी तुम्ही हे सगळं मांडलंय त्या खडकाकडे वळू. माझ्या मनातलं बॅकग्राउंड निघोजच्या कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांचं होतं. गुळगुळीत काळा बेसाल्ट, पाण्याने घुसळून केलेले गोल खळगे, मध्ये धारदार कडा. खरा बेसाल्ट लावायचा विचार वजनामुळे सोडून द्यावा लागला. तळाशी मात्र खरे दगड ठेवा, फक्त त्यांच्या पोकळीतले पांढरे खडे व्हिनेगरने तपासा. फसफसले तर तो कॅल्साइट आहे, पाणी जड करेल. मलावीच्या माशांना ते चालतं, उलट आवडतं.

थर्माकोल घट्ट, जड जातीचा घ्या. दाबल्यावर बोट रुतणारा नको. तापल्या सुरीने कोरताना गच्चीवरच बसा आणि मास्क लावा, तो धूर वाईट असतो. टाकीच्या वरच्या काठाला चिकटवलेल्या आडव्या काचपट्ट्यांमुळे अखंड तुकडा टाकीत शिरत नाही. तीन भाग करा आणि सांधे सरळ रेषेत न ठेवता खडकाच्या भेगांमध्ये लपवा. ओव्हरफ्लोची पेटी यातल्या एका भागाच्या मागे जाते, आणि खाचांपर्यंत हात पोचेल एवढी जागा तिथे ठेवावी लागते. म्हणूनच मी वर म्हटलं की पाइप आधी. गुहा करा, पण हात पोचेल इतक्याच खोल. मलावीचे मासे भांडखोर असतात, मार खाल्लेला मासा कधीतरी बाहेर काढावा लागतोच.

सिमेंटचा पहिला थर ताकासारखा पातळ, ब्रशने प्रत्येक छिद्रात भरलेला. दुसरा-तिसरा धिरड्याच्या पिठाइतका, त्यात चाळलेली बारीक वाळू. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली दिवसभर ठेवायचा. सिमेंट वाळत घातलं तर भुगा होतं, ओलं ठेवलं तर दगड होतं. शेवटच्या थरात काळा आणि थोडा तपकिरी ऑक्साइड (सिमेंटचा रंग), आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी. रंग पाण्यात गडद दिसतात, म्हणून मनातल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट ठेवा. मागची बाजू मात्र कोरी सोडा. सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही.

टिकतं का, याचं उत्तर इथे आहे. सहा बाय दोन फूट आणि सरासरी दोन इंच जाडी म्हणजे 56 लिटर थर्माकोल. पाणी त्याला पन्नासएक किलोच्या जोराने वर ढकलतं. सिमेंटचं वजन त्यातला काही भाग खातं, बाकीचा जोर अहोरात्र सिलिकॉनवर येतो. माझं पहिलं बॅकग्राउंड आठव्या महिन्यात एका कोपऱ्यातून सुटलं आणि त्यामागे शिरलेला मासा मला दोन दिवसांनी वासावरून सापडला. आता मी उंची अशी कापते की वरची कड मागच्या काचपट्टीखाली घट्ट अडकेल. मग वर जायला वाट नसते आणि सिलिकॉनला फक्त जागच्या जागी धरायचं काम उरतं. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारख्या वासाचं, बुरशीनाशक नसलेलं. चारही कडांना सलग रेघ आणि मध्ये ठिपके, म्हणजे मागे पाणी आणि घाण साचणार नाही. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर पिकतं आणि बॅकग्राउंडमागे हवा पोचत नाही, त्यामुळे दोन दिवसांत पाणी भरायची घाई नको. मी दहा-बारा दिवस थांबते.

मग टाकी भरायची, तीन-चार दिवसांनी रिकामी करायची, पुन्हा भरायची. ताज्या सिमेंटमधला चुना पीएच नऊच्या पुढे नेतो. आठवडाभर तसंच ठेवलेल्या पाण्याचा पीएच वर चढायचा थांबला की खडक तयार झाला. मलावी तलावाचं पाणी मुळातच अल्कधर्मी, साधारण 7.7 ते 8.6, म्हणून तुमची निवड या बॅकग्राउंडला जुळणारी आहे. याच दिवसांत पाइपांची परीक्षा घ्या. पहिला पाइप पूर्ण बंद करून पंप अर्धा तास चालवा, आणीबाणीच्या पाइपाने सगळं पाणी नेलं पाहिजे. मग प्लग काढा, संप कुठवर भरतो ते पाहून काचेवर मार्करने रेघ मारा. दोन्ही परीक्षा वेगवेगळ्या दिवशी पाच-सहा वेळा करा. त्यानंतर वाळू, फिल्टरमध्ये जिवाणू बसायला चार-सहा आठवडे, आणि अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच मासे.

पाणी बदलण्यासाठी संपापासून बाल्कनीच्या नाळीपर्यंत एक पाइप आत्ताच काढून ठेवा. आठवड्याला 150-180 लिटर बादल्यांनी वाहून नेणं पहिले दोन महिनेच जमतं. काच कापायला देण्याआधी स्टँडची मापं, बीमची जागा आणि पंपाचा उंची-प्रवाहाचा तक्ता इथे टाका, भोकांच्या जागा आपण मिळून ठरवू.