बाईकच्या टेस्टआधी हळू चालवायची प्रॅक्टिस कर

अरे टेन्शन घेऊ नकोस, टेस्टमध्ये तुझा स्पीड कोणी बघत नाही, बघतात ते एकदम हळू चालवताना गाडी ताब्यात आहे का ते, आणि बरेच जण तिथेच पाय टेकवतात. म्हणून मोकळ्या मैदानात रोज आठचा आकडा काढ. क्लच पूर्ण सोडायचा नाही, अर्धवट धरून गाडी जिथे ओढायला लागते तो पॉइंट बोटांना कळला पाहिजे, अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच पण एकसारखा ठेव आणि स्पीड कमी करायला मागचा ब्रेक हलकेच दाब. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक जोरात दाबलास तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही, हे खरंच लक्षात ठेव. आणि नजर! चाकाकडे बघशील तर तोल जाणार, मान वळवून जिकडे जायचंय तिकडे बघ, गाडी आपोआप वळते.

रस्त्यावर गेल्यावर वेगळी गोष्ट. आरशात बघितलं तरी वळण्याआधी मान वळवून मागे बघायचंच, कारण आरशात सगळं दिसत नाही, आणि तू बघितलंस हे परीक्षकालाही दिसलं पाहिजे. वळून झालं की इंडिकेटर बंद कर, हे फार जण विसरतात बघ.

हेल्मेटचा पट्टा लावलेला, स्टँड वर, कागदपत्रं सोबत. जमलं तर ज्या गाडीवर प्रॅक्टिस केलीस तीच टेस्टला ने, प्रत्येक गाडीचा क्लच वेगळा असतो.