घरच्या घरी लाल फुलांच्या शोभेच्या वेलीची नवीन व्हरायटी तयार करता येते का? सुरुवात कुठून करू?

करता येते, गच्चीवरच्या कुंड्यांतसुद्धा करता येते. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "दोन बोगनवेली क्रॉस करून एकदम गडद लाल काढायचा विचार आहे", तर तिथे जरा थांबा, कारण नवशिक्याला क्रॉस करायला याहून अवघड झाड सापडणं मुश्किल आहे. मी काही कृषी विद्यापीठातला नाही, बँकेत नोकरी करतो आणि उरलेला वेळ गच्चीवर वेलींच्या मागे असतो, तेव्हा जे लिहितोय ते थोडं वाचलेलं आणि थोडं हाताने केलेलं, असं धरून चाला.

आधी बोगनवेलीचं सांगतो. आपण जे लाल, गुलाबी, केशरी बघतो ती फुलं नाहीतच, ती रंगीत पानं आहेत, खरं फूल म्हणजे मधली ती बारकी पांढरट नळी. ते पण चाललं असतं, पण बागेतल्या बऱ्याचशा लोकप्रिय बोगनवेली वांझ असतात, परागच नीट तयार होत नाहीत, आणि ज्या वांझ नाहीत त्या स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. लाल बोगनवेलीची जी मूळ आजी म्हणता येईल ती 'मिसेस बट', तीसुद्धा कोणी ठरवून केलेली नाही. १९१० साली मिसेस बट नावाच्या बाईंना ती कोलंबियातल्या कार्ताहेना गावात दिसली, त्यांनी ती त्रिनिदादला नेली आणि तिथून ती जगभर गेली, आणि ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना या दोन जातींचा तो आपोआप झालेला संकर आहे हे लोकांना बऱ्याच नंतर कळलं. संकर म्हणून वांझ, आणि वांझ म्हणून पुढे क्रॉस नाही.

मग एवढ्या व्हरायट्या आल्या कुठून? बऱ्याचशा फांदीवरच्या अचानक बदलातून. एका झाडावर एखादीच फांदी वेगळ्या रंगाची येते, तिची कलमं केली की झाली नवी व्हरायटी. 'मिसेस बट'वर अशीच एक केशरी फांदी आली आणि तिची 'मिसेस मॅक्लीन' झाली. एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं येणारी 'मेरी पामर' कलकत्त्याला अशीच मिळाली. त्यामुळे तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर लाल बोगनवेल असेल तर दर सीझनला तिच्यावर नीट नजर फिरवत जा, वेगळी फांदी दिसली की रिबन बांधा, पावसाळ्यात कलमं करा आणि त्या कलमांवर पुन्हा तोच रंग येतो का ते दोन वर्षं बघा. बऱ्याचदा परत जुन्या रंगावर जाते, तेव्हा लगेच नाव ठेवायची घाई नको. याला मी ब्रीडिंग म्हणणार नाही, हे लक्ष ठेवणं आहे, पण कलमावर चालणाऱ्या झाडांत यानेही काम होतं.

आता माझा खरा सल्ला, गणेशवेल घ्या. तीच ती बारीक पिसासारख्या पानांची, चांदणीसारखी लाल फुलं येणारी, गणपतीच्या सुमारास बहरात असते ती. मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली, पण आपल्याकडे इतकी रुळलीय की कोणी परदेशी म्हणणार नाही. जूनमध्ये बी टाकलं की त्याच वर्षी फूल आणि त्याच वर्षी बी, म्हणजे दर वर्षाला एक पिढी पुढे सरकते. बोगनवेलीत बियांपासून फुलापर्यंत जायलाच किती धीर लागतो.

आणि या वेलीची एक गोष्ट आहे जी तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात लोगन स्लोटर नावाचा एक माणूस होता, त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणेशवेलीचा तिच्याच एका चुलत वेलीशी क्रॉस केला. ती दुसरी म्हणजे इपोमिया कॉक्सिनिया, पानं अखंड हृदयाच्या आकाराची, फूल लाल-केशरी. (आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेच्या कुंपणांवर जी हृदयाकार पानांची बारकी लाल-केशरी वेल दिसते ती हिचीच सख्खी बहीण, हेडेरिफोलिया.) त्यातून जी निघाली ती 'कार्डिनल क्लाइंबर', आजही बियांच्या पाकिटात मिळते, शास्त्रीय नावात स्लोटरचं नाव आहे, इपोमिया स्लोटेरी. पानं दोन्हीच्या मधली, कापलेली पण पिसासारखी बारीक नाहीत, पंजासारखी, आणि फूल जरा मोठं.

गंमत अशी की दोन्ही आईबाप लाल आणि पोर पण लाल. म्हणजे रंगात नवीन काहीच नव्हतं, जे विकलं गेलं ते पान आणि फुलाचा आकार. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इथे बरेच जण "मला लाल पाहिजे" एवढंच ठरवून उतरतात. लाल वेली ढिगाने आहेत. तुमची लाल कशात वेगळी असणार, हे आधी ठरवा. मोठं फूल, दुपारपर्यंत न मिटणारं फूल, बुटकी वेल, वेगळं पान, काहीही, पण एक धरा.

स्लोटरच्या क्रॉसमधली खरी अडचण दुसरीच होती. दोन वेगळ्या जातींचा पहिला संकर बहुतेक वांझ निघतो. वेल मस्त वाढते, फुलते, पण बी धरत नाही, कारण पराग आणि बीजांड तयार होताना आईकडचे आणि बापाकडचे गुणसूत्र एकमेकांशी जोड्या लावायला बघतात आणि जुळत नाहीत, फुगडीला समोर हात धरायला कोणीच नसावं तसं. यातून सुटका एकच, सगळे गुणसूत्र दुप्पट होणं, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचाच जुळा मिळतो आणि वेल सुपीक होते. कार्डिनल क्लाइंबर अशीच दुप्पट गुणसूत्रांची आहे, म्हणून ती बियांपासून जशीच्या तशी येते. आणि हे तिथे आपोआप झालं, कारण कोल्चिसिन नावाच्या रसायनाने गुणसूत्र दुप्पट करता येतात हे समजलं १९३७ साली, त्याच्या कितीतरी आधी स्लोटरची वेल फुलत होती.

बोगनवेलीतही हीच किल्ली चालली. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात, आता ज्याला एनबीआरआय (राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था) म्हणतात तिथे, १९७० च्या दशकात त्रिलोकी नाथ खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मिसेस मॅक्लीन'सारख्या वांझ बोगनवेलीचे गुणसूत्र कोल्चिसिनने दुप्पट केले आणि ती सुपीक झाली, मग तिच्यावर क्रॉस करता आले. म्हणजे बोगनवेलीत संकर अशक्य नाही, फक्त त्याला लॅब आणि चिकाटी लागते.

आता तुम्ही लगेच कोल्चिसिन कुठे मिळतं ते शोधायला जाल, म्हणून आधीच सांगतो, घरी नको. जहाल विष आहे, त्यावर उतारा नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी असते ना, तिच्या बियांत आणि कंदात हेच कोल्चिसिन असतं, औषधासाठी तमिळनाडूत तिची शेती पण होते. तीसुद्धा वेलच, तीही लाल, पण घरात लहान मुलं असतील तर ती लावतानाही विचार करा. दुप्पट करायचंच असेल तर एखाद्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटला गाठा, एखाद्या एमएस्सीच्या मुलाला प्रोजेक्ट मिळेल आणि तुमचं काम होईल.

घरच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे एकाच जातीतल्या वेगवेगळ्या झाडांचा क्रॉस. गणेशवेलीत लाल, गुलाबी, पांढरी असे तिन्ही प्रकार मिळतात, शिवाय फुलाचा साइज, बहराचा काळ यातही फरक असतो. वेगवेगळ्या गावांतून बी मागवा, नातेवाईक कशासाठी असतात.

क्रॉस कसा करायचा ते सांगतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही, हात बसावा लागतो. गणेशवेलीचं फूल पहाटे उमलतं आणि उमलता उमलता स्वतःचेच पराग स्वतःला लावून मोकळं होतं, त्यामुळे सकाळी चहा पिऊन गेलात तर उशीर झालेला असतो. आदल्या संध्याकाळी जायचं, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी ओळखायची, लांब झालेली असते, टोकाला पीळ असतो आणि लाल रंग भरलेला असतो. ब्लेडच्या टोकाने नळीला उभी चीर द्यायची आणि पाकळीची ती नळी हळूच ओढून काढायची. या कुळात पुंकेसर पाकळीच्या नळीलाच आतून चिकटलेले असतात, त्यामुळे नळीबरोबर पाचही पुंकेसर निघून येतात आणि मधली मादीची दांडी तेवढी उरते, ही सोय फार भारी आहे. उरलेल्या दांडीवर शीतपेयाच्या स्ट्रॉचा छोटा तुकडा, वरचं तोंड दुमडून, टोपीसारखा घालायचा. सकाळी ऊन चढायच्या आत बाप झाडाचं ताजं फूल तोडायचं, त्याचे पराग दांडीच्या टोकावरच्या गाठीला लावायचे, टोपी परत चढवायची. टोपी विसरू नका, कारण लाल नळीची फुलं म्हणजे अमेरिकेत हमिंगबर्डचं खाणं आणि आपल्याकडे शिंजिराचं, तो सकाळी सगळ्यात आधी हजर असतो आणि भलतेच पराग लावून जातो.

लेबल पेन्सिलने लिहा, मार्कर पावसात आणि उन्हात उडतो, पेन्सिल टिकते. आईचं नाव आधी, मग गुणिले, मग बाप, मग तारीख. बोंडात जास्तीत जास्त चार बिया. बोंड तपकिरी व्हायला लागलं की दागिन्यांसोबत मिळते तसली जाळीची छोटी पिशवी बांधा, नाहीतर फुटून बी कुठे उडालं कळत नाही. पेरताना बी जरा पॉलिश पेपरवर घासून रात्रभर पाण्यात.

पहिली पिढी बघून निराश होऊ नका, ती सगळी एकसारखी आणि बऱ्याचदा अगदी साधी असते, पांढऱ्याशी क्रॉस केला असेल तर सगळी लालच येते. खरी मजा दुसऱ्या पिढीत. पहिल्या पिढीच्या वेलींना स्वतःचंच बी धरू द्या आणि ते जेवढं जमेल तेवढं पेरा, इथे कंजूसपणा करायचा नाही. दोन गुण एकत्र हवे असतील आणि दोन्ही दबणारे (म्हणजे पहिल्या पिढीत न दिसणारे) असतील तर सोळातून एखादंच रोप तसं निघतं, त्यामुळे दहा रोपं लावून "काही निघालं नाही" म्हणण्यात अर्थ नाही. गच्ची लहान असेल तर ट्रेमध्ये दाट पेरा, पानाच्या आकारावर निवड करणार असाल तर ती रोपातच कळते, नको ती तिथेच उपटा. मग निवडलेल्या वेलीला पुढच्या पाच-सहा पिढ्या स्वतःच्याच परागावर ठेवायचं आणि दरवर्षी वेगळी निघतील ती काढून टाकायची. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक लोक इथेच सोडतात.

एवढी वर्षं थांबायची तयारी नसेल तर कृष्णकमळाकडे जा. ते कलमावर चालतं, त्यामुळे पहिल्याच पिढीत एक जरी झकास रोप मिळालं तरी तेच रोप कलमांनी वाढवायचं, स्थिर करायची भानगड नाही, वांझ असलं तरी बिघडत नाही. लाल फुलांचं कृष्णकमळ नर्सरीत मिळतं. फक्त लाल आणि निळं यांचा क्रॉस करून लाल मिळेल अशी आशा धरू नका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कृष्णकमळाचा जो पहिला संकर झाला तो लाल रासेमोसा आणि निळी सेरुलिया यांचाच होता, आणि निघालं जांभळं.

रंगाबद्दल थोडं अजून, कारण याच्यावर लोकांचा फार गोंधळ असतो. गणेशवेलीचं लाल हे एका अर्थी "बंद पडलेल्या" यंत्राचं लाल आहे. निळ्या-जांभळ्या मॉर्निंग ग्लोरीत रंग बनवताना एक एन्झाइम मध्ये पडतं आणि रंगद्रव्य निळसर बाजूला वळवतं, गणेशवेलीत ती वाट बंद झालीय म्हणून रंगद्रव्य लाल-केशरी बाजूला राहतं. अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या झुफॉल आणि राउशर यांनी २००४ मध्ये याच वेलीवर काम करून दाखवलं की रंगाच्या या साखळीत एकापेक्षा जास्त ठिकाणी बदल झालेत, त्यामुळे लालवरून परत निळ्यावर जाणं जवळपास अशक्य. आपल्याला काय, लालच हवंय, म्हणजे फायद्याचंच. पण लालचा क्रॉस लालशीच किंवा पांढऱ्याशी करा. बोगनवेलीचं लाल यातलं नाहीच, ते बीटच्या कुळातलं रंगद्रव्य. आणि मधुमालतीचं लाल तर वयाचं, संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी, मग लाल, त्यामुळे दुपारी फोटो बघून "लाल मधुमालती" म्हणून रोप विकत घेऊ नका.

शेवटी विकण्याचं विचारलंय. भारतात २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्यात व्हरायटी नवीन, वेगळी, एकसारखी आणि स्थिर आहे हे दाखवावं लागतं, झाडं आणि वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं, बाकी पिकांना १५. पण ज्या वनस्पती सरकारने त्यात अधिसूचित केल्यात त्यांचीच नोंद होते, तेव्हा अर्ज करण्याआधी यादी बघा. बोगनवेलीचं नाव नोंदवायचं असेल तर जगभराची नोंदणी आपल्या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतच होते, परदेशातल्या लोकांना पण तिथेच यावं लागतं. नर्सरीवाल्याकडे मात्र कायद्याच्या आधी फोटो आणि दहा कलमं घेऊन जा, त्याने त्या सीझनला परत मागितली तर पुढचं बघू.

गच्चीवर ऊन किती तास येतं ते कमेंटमध्ये लिहा, पाच-सहा तासांपेक्षा कमी असेल तर गणेशवेल पानंच देत बसेल, मग वेगळं काहीतरी सुचवतो.